मातीचे थर शिकवताना: आधी खड्डा, मग आकृती

प्राथमिक वर्गात ‘मातीचे थर’ हा भाग बहुतेक वेळा एका आकृतीत आटोपतो. फळ्यावर उभा आयत, त्यात आडव्या रेघा, प्रत्येक कप्प्यात एक नाव. मुले आकृती वहीत उतरवतात, रंगवतात आणि परीक्षेत नावेही बरोबर लिहितात. पण त्याच मुलांना विचारा, “हे थर तयार कसे झाले?” पुष्कळ जण सांगतील की आधी सगळ्यात खालचा थर पडला, मग त्यावर दुसरा, मग तिसरा. यात मुलांची काही चूक नाही, आकृती पाहून तसेच वाटते. पारदर्शक ग्लासात वेगवेगळ्या रंगांचे पदार्थ एकावर एक ओतून जी प्रतिकृती केली जाते, तिच्यामुळे हा समज आणखी घट्ट होतो. मुलांना ती करायला मजा येते हे खरे, पण हात जे करतात तेच डोक्यात बसते, आणि इथे हात थर रचत असतात.

माती अशी रचली जात नाही, ती जागच्या जागी घडते. खालून खडक झिजतो, वरून पालापाचोळा कुजतो, पाणी बारीक कण वरून खाली नेते, मुळे आणि गांडुळे सगळे ढवळत राहतात. हे वर्षानुवर्षे चालू राहिले की एकाच मातीच्या उंचीत वेगवेगळे पट्टे दिसू लागतात. मुलांना एवढे कळले तर नावे थोडी मागेपुढे झाली तरी चालेल. पुढची सगळी आखणी याच एका गोष्टीसाठी आहे. ती तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी आहे. पहिली-दुसरीसाठी काय गाळायचे ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

शिक्षकाने आधी काय पक्के करावे

मातीच्या थरांना ए, बी, सी अशी अक्षरे देण्याची पद्धत रशियन शास्त्रज्ञ वसिली डोकुचायेव यांच्यापासून सुरू झाली. रशियातल्या काळ्या मातीवरचा त्यांचा मोठा अभ्यास १८८३ साली प्रसिद्ध झाला. माती म्हणजे नुसता खडकाचा चुरा नाही. हवामान, सजीव, मूळ खडक, जमिनीचा उतार आणि काळ या सगळ्यांनी मिळून घडलेली ती एक स्वतंत्र गोष्ट आहे, हे त्यांनी मांडले. वर्गात त्यांचे नाव सांगितले नाही तरी चालेल, पण ही पाच कारणे शिक्षकाच्या मनात असावीत. “आमच्याकडे पुस्तकातल्यासारखे का दिसत नाही?” या प्रश्नाचे उत्तर नेहमी या पाचांतच सापडते.

वरून खाली जाताना पहिला ओ थर: पाने, काड्या, अर्धवट कुजलेला पालापाचोळा. जंगलात तो ठळक दिसतो. नांगरलेल्या शेतात किंवा रुक्ष प्रदेशात तो जवळजवळ नसतो. त्याखाली ए थर, म्हणजे वरची सुपीक माती. ह्युमसमुळे, म्हणजे पूर्ण कुजलेल्या पालापाचोळ्यामुळे, गडद, हाताने सहज भुगा होणारी, मुळांनी भरलेली. सर्वांत जास्त जीवसृष्टी इथे असते. चमचाभर निरोगी मातीत कोट्यवधी जीवाणू असू शकतात. मग बी थर, खालची माती. पाण्याबरोबर वरून उतरलेले चिकणमातीचे कण, लोह, चुना इथे साठतात, म्हणून ती जास्त घट्ट आणि बहुधा लालसर, पिवळसर किंवा फिकट असते. त्याखाली सी थर, म्हणजे मुरूम: खडक झिजून सुटे झालेले तुकडे, ज्यांत मूळ खडक अजून ओळखू येतो. आणि तळाला आर, अखंड कातळ. काही जंगलांत ए आणि बी यांच्या मध्ये ई नावाचा फिकट थर असतो. तिथले लोह आणि चिकणमाती धुऊन खाली गेलेली असते. लहान वर्गांत ई थर वगळावा. पहिली-दुसरीला तर अक्षरेही नकोत. ‘वरची माती, खालची माती, मुरूम, कातळ’ एवढे पुरते.

प्रत्येक ठिकाणी सगळे थर सापडतीलच असे नाही, आणि त्यांच्यातल्या सीमा पट्टीने आखल्यासारख्या नसतात. एक रंग दुसऱ्यात हळूहळू विरघळत जातो. हे मुलांना आधी सांगू नका. त्यांना ते खड्ड्यात दिसू द्या.

पहिला तास: न शिकवता चित्र काढायला सांगा

कोरा कागद द्या आणि एवढेच सांगा: “शाळेच्या मैदानात सरळ खाली खणत गेलो तर काय काय दिसेल, ते काढा.” कोणतीही सूचना नको, उदाहरण नको. कुणी सगळीकडे एकच तपकिरी रंग भरेल, कुणी दगड, हाडे, पाणी, अगदी लाव्हाही काढेल. कागदावर नाव आणि तारीख घालून ते जपून ठेवा. शेवटी मुले हेच चित्र पुन्हा काढणार आहेत. दोन्ही शेजारी ठेवली की काय शिकले गेले ते कोणत्याही चाचणीपेक्षा स्पष्ट दिसते.

चित्रे झाल्यावर दोन-तीन प्रश्न फळ्यावर लिहा आणि उत्तर न देता तसेच सोडा. खाली गेल्यावर रंग बदलेल का? मुळे कुठपर्यंत असतील? सगळ्यात मऊ माती कुठे असेल? मुलांचे अंदाज प्रश्नांखाली लिहून ठेवा, चुकीचे असले तरी पुसू नका.

दुसरा तास: खड्डा

जागा निवडण्यावर सगळे अवलंबून आहे. शाळेच्या आवारात बऱ्याचदा बाहेरून आणून टाकलेला भराव असतो. विटांचे तुकडे, सिमेंटचे ढेकूळ, प्लास्टिक निघाले तर ती जागा सोडा, कारण तिथे नैसर्गिक थर दिसणार नाहीत. वाफे आणि फुलझाडांच्या कुंड्याही उपयोगाच्या नाहीत, तिथली माती कालवलेली असते. ज्या जागेला बरीच वर्षे कुणी हात लावलेला नाही अशी कडेची, गवत असलेली जमीन उत्तम. मोठ्या झाडाच्या अगदी बुंध्याशी खणू नये, मुळांना इजा होते. जमिनीखालून वीज, पाणी किंवा सांडपाण्याची वाहिनी जात नाही ना, हे शाळेत विचारून खात्री करून घ्या.

खड्डा साधारण अर्धा मीटर रुंद आणि ५० ते ६० सेंटीमीटर खोल पुरतो. तो मोठ्या माणसाने, शक्यतो आदल्या दिवशी खणावा. कुदळ आणि पहार मुलांच्या हातात देऊ नका. एक बाजू अगदी उभी ठेवा आणि त्या बाजूच्या काठावर कुणी उभे राहणार नाही याकडे लक्ष द्या. खणताना निघालेली माती एकाच ढिगात टाकू नका: वरची गडद माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. खड्डा बुजवताना याची गरज पडेल. वर्ग नसेल तेव्हा खड्ड्यावर फळी टाकून भोवती दोरी बांधा.

सोबत हे घ्या:

- खुरपे, लांब मोजपट्टी किंवा टेप
- पाण्याची फवारणी बाटली
- भिंग, जुनी वर्तमानपत्रे
- कागदी पिशव्या आणि खूणचिठ्ठ्या

मुलांना चार-पाचच्या गटांत खड्ड्याजवळ आणा. शिक्षकाने खुरप्याच्या टोकाने उभ्या बाजूचा पातळ पापुद्रा खरवडून काढावा. खणताना फावड्याने सगळी माती घासली जाते आणि खरे रंग झाकले जातात, म्हणून हा खरवडा टाळू नका. मग पट्टी उभी लावा आणि मुलांना मिनिटभर फक्त पाहू द्या. बोलण्याची घाई करू नका. मुलांच्या ध्यानात येणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा शिक्षकाच्या यादीत नसतात: एखादे बीळ, जुन्या मुळाची काळी रेघ, खोलवर गेलेला एक पांढरा तंतू.

मग खड्ड्याच्या अर्ध्या भागावर पाणी फवारा. ओल्या मातीचा रंग जास्त गडद होतो आणि थरांमधला फरक उठून दिसतो. कोरडा अर्धा आणि ओला अर्धा शेजारी असला की “मातीचा रंग कोणता?” या प्रश्नाचे उत्तर ओलाव्यावरही अवलंबून असते, हे वेगळे समजावावे लागत नाही.

खणण्याजोगी जागाच नसेल तर रस्त्याच्या किंवा चराच्या कापलेल्या बाजूकडे सुरक्षित अंतरावरून पाहता येते. कापलेल्या मातीच्या पायथ्याशी मुलांना कधीही उभे करू नका. तेही जमत नसेल तर शिक्षकाने स्वतः दुसरीकडे खणून दर १० सेंटीमीटरचे नमुने खूणचिठ्ठीसह आणावेत. पुढचा भाग त्यांवरही नीट होतो.

सीमारेषा मुलांनीच ठरवायची

या संपूर्ण धड्यातला सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि याला एक अख्खा तास द्यावा. खड्ड्याच्या बाजूतून दर ५ सेंटीमीटरला मूठभर माती काढा आणि वर्तमानपत्रावर क्रमाने एका रांगेत ठेवा. ६० सेंटीमीटरच्या खड्ड्यातून बारा ढीग होतील. प्रत्येकाजवळ खोलीची चिठ्ठी. आता गटाला एकच काम: या रांगेत थर बदलतो कुठे, ते ठरवा आणि तिथे काडी ठेवा. कारण सांगता आले पाहिजे.

इथे वाद होतात, आणि ते व्हायलाच हवेत. एक गट रंगावरून काडी ठेवेल, दुसरा स्पर्शावरून, तिसरा म्हणेल की मुळे इथे संपतात म्हणून इथे. तिघांचे तर्क बरोबर असू शकतात. मृदाशास्त्रज्ञही रंग, पोत, ढेकळांची रचना, मुळे, खडे या सगळ्यांवरूनच थर ठरवतात. एखादा गट म्हणाला, “हा ढीग दोन्हींमध्ये बसतो,” तर त्याला शाबासकी द्या. थरांची सीमा म्हणजे रेघ नसून हळूहळू होणारा बदल असतो, हे त्या गटाने स्वतः शोधले. शिक्षकाने लगेच ‘बरोबर उत्तर’ सांगितले की हा शोध तिथेच थांबतो.

स्पर्शाची कसोटी इथेच शिकवा. चिमूटभर माती ओली करून बोटांत चोळायची. खरखरीत लागली तर वाळू, पिठासारखी मऊ लागली तर गाळ, चिकट लागून बोटाला डाग पडला तर चिकणमाती. मग तिची गोळी करून अंगठ्याने पट्टी लांबवायची. जितकी लांब पट्टी न तुटता निघते तितकी चिकणमाती जास्त. अनेक ठिकाणी खालच्या मातीची पट्टी वरच्यापेक्षा लांब निघते. चिकणमातीचे कण पाण्याबरोबर खाली उतरतात, याचा पुरावा असा मुलांच्या अंगठ्याखाली येतो.

बरणीचा प्रयोग आणि त्यातला धोका

बरणीत माती आणि पाणी घालून हलवण्याचा प्रयोग सर्वांना माहीत आहे. एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर, झाकण घट्ट, आणि काही मिनिटे जोरात हलवणे. वाळू मिनिटाभरात तळाला बसते. गाळ बसायला काही तास लागतात. चिकणमातीचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ असू शकते. वाळूचे कण २ मिलिमीटरपर्यंत, चिकणमातीचे ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान. एवढ्या फरकामुळेच बसण्याच्या वेळेत इतके अंतर पडते. काड्या आणि कुजका कचरा वर तरंगतो.

प्रयोग चांगला आहे, पण बरणीतले थर म्हणजे जमिनीतले थर नव्हेत. बरणीत कण आकारानुसार वेगळे होतात, जमिनीत माती घडताना पट्टे तयार होतात. पुष्कळ ठिकाणी या दोन्हींची सरमिसळ होते आणि मग मुले म्हणतात, जमिनीतही वाळू सगळ्यात खाली आणि ह्युमस सगळ्यात वर. हे टाळायला दोन बरण्या करा: एक वरच्या मातीची, एक खालच्या मातीची. दोन्हींत वाळू, गाळ, चिकणमाती निघेल, फक्त प्रमाण वेगळे. मग विचारा, “बरणीतले तीन पट्टे जमिनीत असेच असते, तर एकाच थरातून तिन्ही कसे निघाले?” हा प्रश्न विचारल्याशिवाय बरणी उचलून ठेवू नका.

पाण्याने थर खरोखर साठतात, असेही घडते: नदीकाठी, पुराच्या गाळात. तिथे वाळू, गाळ, गोटे यांचे स्पष्ट आणि एकाएकी बदलणारे पट्टे असतात. मोठ्या मुलांना हा फरक सांगावा. पुराने आणलेला गाळ हा मातीचा कच्चा माल. त्यावर गवत उगवले, गांडुळे आली, काळ गेला की त्यातही वरून गडद थर घडू लागतो.

आणखी तीन छोटे प्रयोग

वरच्या आणि खालच्या मातीचे एकेक सुके ढेकूळ घ्या आणि जाळीवर ठेवून अलगद पाण्यात बुडवा. मुळे आणि ह्युमस असलेले ढेकूळ बऱ्याचदा जास्त वेळ टिकते, कारण कुजलेले पदार्थ आणि बुरशीचे तंतू कण बांधून ठेवतात. खालची माती फार चिकण असेल तर उलटेही दिसू शकते. तसे झाले तर का, हे स्पर्शाच्या कसोटीशी जोडून पाहा.

प्रत्येक खोलीच्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर तिथे चुना आहे. वरच्या मातीत फेस नाही आणि खाली आहे असे दिसले, तर पाण्याने चुना खाली नेला असणार. कुठेच फेस आला नाही तर तेही नोंदवा.

तिसऱ्याला धीर लागतो. सारख्या दोन कुंड्या, एकीत वरची माती, दुसरीत खालची, दोन्हींत मोहरी पेरा, पाणी आणि ऊन सारखे द्या. मोठे दाणे घेऊ नका. पहिले काही दिवस त्यांना त्यांच्याच आतले अन्न पुरते आणि फरक दिसायला उशीर होतो. दर आठवड्याला उंची आणि पानांची संख्या तक्त्यात लिहायची.

थर कोण ढवळते

पाणी थर वेगळे करते, तर गांडुळे ते मिसळतात. दोन्ही ओढी मुलांना दिसल्या पाहिजेत. रुंद काचेच्या बरणीत ओली गडद माती आणि वाळू आलटून पालटून भरा, तीन-चार गांडुळे सोडा, वर थोडा पाला ठेवा आणि बरणीला काळा कागद गुंडाळा, कारण गांडुळे उजेड टाळतात. दोन-तीन दिवसांनी एकदा कागद काढून पाहायचे, रेघा कुठे फुटल्या ते चित्रात दाखवायचे आणि कागद पुन्हा लावायचा. माती ओलसर हवी, चिखल नको. दोन आठवड्यांनी गांडुळे जिथून आणली तिथेच सोडा आणि ते काम मुलांनाच करू द्या.

याच्या जोडीला एक खरी गोष्ट सांगा. चार्ल्स डार्विन यांनी डिसेंबर १८४२ मध्ये घराजवळच्या एका शेतावर खडूचे तुकडे पसरवले. २९ वर्षांनी, १८७१ मध्ये, तिथे चर खणून पाहिले तर पांढऱ्या तुकड्यांची रेघ जमिनीखाली ७ इंचांवर, म्हणजे सुमारे १८ सेंटीमीटरवर सापडली. तुकडे कुणी पुरले नव्हते. गांडुळे खालची माती विष्ठेच्या रूपाने वर आणून टाकत राहिली आणि तुकडे हळूहळू खाली गेले. मुलांना पट्टीवर १८ सेंटीमीटर दाखवा आणि विचारा, वर्षाला किती झाले? भागाकार सहा मिलिमीटरच्या थोडा पुढे जातो. इतक्या हळू चाललेले काम मोजण्यासाठी एक माणूस २९ वर्षे थांबला, हे मुलांच्या मनात राहते.

मातीची पट्टी

आता नोंद कायमची करायची. जाड पुठ्ठ्याची ३० सेंटीमीटर लांब पट्टी प्रत्येक मुलाला द्या. खड्डा ६० सेंटीमीटर खोल असेल तर पट्टीवरचा १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीतले २ सेंटीमीटर. प्रमाण मुलांनीच काढू द्या, गणिताच्या तासाला हाच धागा पुढे नेता येतो. नमुने सावलीत वाळवून चुरा करायचे, पट्टीवर गोंद लावायचा आणि ज्या खोलीची माती त्या उंचीवर दाबून चिकटवायची. गोंद पातळ लावा, नाहीतर माती गडद दिसते. कडेला खोली लिहायची, आणि थरांची नावे सगळ्यात शेवटी. ए, बी, सी ही अक्षरे मुलांसमोर प्रथम इथे यावीत. आतापर्यंत ‘काळी, भुसभुशीत, मुळांची’ म्हणून ओळखलेल्या मातीला आता नाव मिळते. कातळापर्यंत खड्डा गेला नसेल तर पट्टीच्या तळाशी कातळ चिकटवू नका. ‘याखाली आम्ही पाहिलेले नाही’ असे लिहायला सांगा.

हात धुणे प्रत्येक तासानंतर, साबणाने, नखांसकट. हाताला जखम असेल त्या मुलाने हातमोजे घालावेत.

समजले का, हे कसे ओळखाल

थरांची नावे विचारू नका. तीन नमुने चिठ्ठीशिवाय द्या आणि क्रम लावून कारण सांगायला सांगा. मग पहिल्या तासाचे चित्र पुन्हा काढायला सांगा. नव्या चित्रात सीमा सरळ रेघेऐवजी विरत जाणाऱ्या असतील, मुळे खाली जाता जाता विरळ होत असतील, बिळे थर ओलांडत असतील, तर मुलाला खड्डा कळला.

शेवटचा प्रश्न मोठ्या मुलांसाठी: वरची २० सेंटीमीटर माती पावसाने वाहून गेली तर पेरलेल्या बीला काय मिळेल? कुंड्यांचा तक्ता समोर ठेवून उत्तर द्यायचे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांगण्यानुसार २ ते ३ सेंटीमीटर माती घडायला १००० वर्षांपर्यंतचा काळ लागू शकतो. २० सेंटीमीटरला किती, हा हिशेब मुलांना फळ्यावर मांडू द्या. उत्तर ऐकून वर्ग गप्प झाला तर लगेच पुढे जाऊ नका. ५ डिसेंबरला जागतिक मृदा दिन असतो. धडा त्या सुमारास घेता आला तर मुलांच्या पट्ट्या शाळेच्या भिंतीवर लावता येतात.

सगळे झाल्यावर खड्डा मुलांसोबत बुजवा. आधी खालची माती, थोडी थोडी टाकून दाबत, आणि वेगळी ठेवलेली गडद माती सगळ्यात वर. हाच क्रम का, हे या वेळी तुम्ही सांगू नका, मुलांना विचारा. गवताचे गठ्ठे जपून ठेवले असतील तर ते परत लावा आणि पाणी घाला. पहिल्या पावसानंतर जागा थोडी खचेल, तेव्हा घालण्यासाठी पोतेभर वरची माती बाजूला ठेवा.